बँड घेताना आधी पट्टा बघा

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचं आहे ते मनगटावरच्या फिटनेस बँडविषयी, आणि त्यातही त्याच्या पट्ट्याविषयी. पावलं किती झाली, ठोके किती पडले, झोप किती लागली हे सांगणारं हे यंत्र गेल्या काही वर्षांत गोव्यात घरोघरी पोचलं आहे. मिरामारला भाऊसाहेब बांदोडकरांच्या समाधीपासून दोनापावलच्या दिशेने सकाळी चालणारे बघा, फर्मागुढीचा चढ चढणारे बघा, मडगावच्या पालिका उद्यानात फेऱ्या मारणारे बघा. निवृत्त शिक्षकापासून कॉलेजच्या पोरापर्यंत कितीजणांच्या हातात तो दिसतो. त्यांच्याशी चार शब्द बोललं की तक्रार मात्र एकाच जागी येऊन थांबते. पट्टा चिरला. पट्टा सुटला. चालता चालता बँड कुठे पडला, कळलंच नाही.

आतलं यंत्र ठणठणीत असतं. पडदा चालू, बॅटरी चांगली, मोजणी बिनचूक. तरी ते कपाटाच्या खणात जाऊन पडतं, कारण त्याला हातावर धरून ठेवणारं बोटभर रबर तुटलेलं असतं. चांगली चालणारी वस्तू अशी वाया जाते हे मला मनापासून खटकतं. आणि यात वापरणाऱ्याचा दोष फार थोडा असतो, म्हणून हे बोलणं.

थोडं मागे जाऊ. पावलं मोजणारी यंत्रं सुरुवातीला मनगटावर नव्हतीच. जपानमध्ये 1965 साली विकायला आलेलं पाऊलमापक यंत्र कमरेला लावायचं होतं. फिटबिटचं 2009 मधलं पहिलं यंत्रही कपड्याला चिमट्याने अडकवायचं. मनगटावरचे बँड 2011 नंतर बाजारात आले, आणि 2014 मध्ये शाओमीचा स्वस्त मी बँड आल्यावर हे प्रकरण सामान्य माणसाच्या खिशाला परवडू लागलं. यंत्र कमरेवरून मनगटावर आलं आणि पट्टा हा यंत्राचाच भाग होऊन बसला. तो केवळ शोभेचा राहिला नाही. बँडच्या पाठीमागे जो हिरवा दिवा लुकलुकतो ना, त्याचा प्रकाश कातडीतून आत जातो, रक्त तो शोषून घेतं, आणि प्रत्येक ठोक्याबरोबर रक्त कमी-जास्त होतं तसा परत येणारा प्रकाशही कमी-जास्त होतो. त्यावरून ठोके मोजले जातात. पट्टा सैल झाला की कडेने बाहेरचा उजेड आत शिरतो, बँड हलतो आणि आकडे भलतेच येतात. म्हणजे पट्टा तुटण्याच्या कितीतरी आधी, नुसता ढिला पडला तरी यंत्र चुकीचं बोलू लागतं.

आता साध्या मनगटी घड्याळाचं बघा. आपले वडील आंघोळीच्या आधी घड्याळ काढून फळीवर ठेवायचे. रात्री झोपताना उशाशी ठेवायचे. त्या पट्ट्याला रोज आठ-दहा तास विश्रांती मिळायची, घाम सुकायला वेळ मिळायचा. बँडला ती सवलत नाही. झोप मोजायची म्हणून रात्री हातात, पाण्याने बिघडत नाही म्हणून आंघोळीत हातात, व्यायामात तर हवाच. चार्जिंगला लावला तेवढाच काय तो मोकळा.

त्यात आपली हवा. वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस, पावसाळ्यात भिंतींना ओल, कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर पांढरी बुरशी. उन्हाळ्यात घामाच्या धारा आणि किनाऱ्यावर खारा वारा. कोरड्या गावात दोन-तीन वर्षं टिकणारा पट्टा इथे त्याआधीच मान टाकतो, यात नवल नाही.

पट्टे वेगवेगळ्या पदार्थांचे असतात आणि प्रत्येकाचं मरण वेगळं असतं. सिलिकॉन ऊन, पाणी, घाम सगळं सोसतं, पण त्याला एकदा बारीकशी चीर पडली की ती थांबत नाही. बकलाची दांडी रोज ज्या भोकात बसते, त्या भोकाच्या कडेला ही चीर सुरू होते. पट्टा हातातून काढून उलट बाजूला वाकवा आणि उजेडात धरा. रोजच्या वापरातल्या भोकाभोवती केसाइतक्या बारीक रेषा दिसतील. त्या दिसल्या की पट्ट्याचे दिवस भरले असं समजा.

दुसरा प्रकार टीपीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकच्या जातीचा. हा फाटायला चिवट, घासायला बळकट, म्हणून कंपन्यांना आवडतो. पण याच्या काही जातींना दमट हवा आतून खाते. पाणी आणि उष्णता मिळून त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडत जातात. आधी तो चिकट लागतो, मग कडक होतो आणि शेवटी तुकडे पडतात. हे आपल्याला नवीन नाही. लग्नाकार्याला घालायचे बूट पावसाळाभर खोक्यात राहिले आणि चवथीला बाहेर काढले, तर तळव्याचा भुगा होऊन हातात येतो. तो तळवाही बहुधा पॉलियुरेथेनचाच असतो आणि कारणही तेच. बूट वापरले नाहीत म्हणून टिकतील असं आपल्याला वाटतं. पण हवेतला दमटपणा खोक्यातही आपलं काम करतच असतो. खणात नवाकोरा ठेवलेला जादा पट्टाही याच कारणाने चिकट निघू शकतो.

आणखी एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. पावसाळ्यात डेंग्यूच्या भीतीने आपण हातापायांना डासांचं मलम चोळतो. त्यात डीट नावाचं औषध असेल, तर ते डासांना दूर ठेवतं हे खरं, पण काही प्लास्टिकना ते मऊ करतं, विरघळवतंही. मलम लावायचं असेल तर जरूर लावा, डास चावून घेऊ नका. फक्त आधी बँड काढा, मलम अंगात मुरू द्या आणि मनगटाचा तेवढा भाग पुसून मग बँड चढवा.

आता पट्टा यंत्राला जोडणाऱ्या पिनेकडे येऊ, कारण माझ्या मते खरी मेख तिथे आहे. म्हापशाच्या बाजारात एक घड्याळवाले आहेत. टपरीएवढी जागा, वर एक दिवा, डोळ्याला भिंग. मी त्यांच्यासमोर बसलो असताना एक मुलगा बँड घेऊन आला. पट्टा एका बाजूने निखळला होता, रबर मात्र अख्खं होतं. घड्याळवाल्यांनी चिमट्याने पिन ओढून काढली आणि पांढऱ्या कागदावर ठेवून आम्हाला दाखवली. शेवयाच्या काडीएवढी नळी, दोन्ही टोकांना बारीक बोंडं, आत स्प्रिंग. एक बोंड चकचकीत होतं. दुसरं गळ्याशी इतकं झिजलं होतं की नखाने दाबताच आत गेलं आणि बाहेर आलंच नाही. कागदावर तपकिरी भुकटी पडली. ते म्हणाले, "दर्यावर जातोस ना?" मुलगा हो म्हणाला. कळंगुटला रोज पोहायला जायचा.

पिन असते स्टेनलेस स्टीलची, आणि स्टेनलेस म्हटलं की गंज नाही अशी आपली समजूत. या पोलादावर क्रोमियम ऑक्साइडचा एक अतिशय पातळ थर असतो, तो त्याला वाचवतो. खाऱ्या पाण्यातले क्लोराइड त्या थराला बारीक भोकं पाडतात. पिनेभोवतीच्या अरुंद फटीत खारं पाणी अडकून राहतं, सुकतं, पुन्हा भिजतं, तिथे हे काम जोरात चालतं. म्हणून पिन घेताना 316 जातीचं पोलाद मिळालं तर तेच घ्या. त्यात मॉलिब्डेनम नावाचा धातू असतो आणि ते पोलाद मिठापुढे साध्या 304 जातीपेक्षा जास्त टिकतं. पण किनाऱ्यावर राहणाऱ्याला 316 सुद्धा गोड्या पाण्याने धुवावंच लागतं.

बँडच्या खोक्यावर 5 एटीएम, 50 मीटर असं छापलेलं असतं. एटीएम हे दाबाचं माप. तो आकडा स्थिर पाण्याच्या दाबाचा आहे आणि तो यंत्राच्या डबीपुरता आहे. पाणी आत शिरणार नाही एवढंच तो सांगतो. पट्टा आणि पिन लाटेत टिकतील की नाही, याबद्दल तो आकडा काहीच बोलत नाही. मिरामारला 2019 पासून आयर्नमॅनची 70.3 ही पोहणं, सायकल आणि धावणं अशी तिहेरी शर्यत सुरू झाली, तिच्यात 1.9 किलोमीटर समुद्रात पोहायचं असतं. तेव्हापासून समुद्रात सराव करणारी तरुण मुलं वाढली आहेत, त्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. लाटेत बँड सुटला तर तो परत मिळत नाही.

त्या मुलाचं काम काही मिनिटांत झालं. नवी पिन, दोन्ही बाजूंना. पैसेही किरकोळ. हे शक्य झालं कारण त्याच्या बँडला साधी, घड्याळाचीच 20 मिलिमीटरची पिन होती. सगळ्यांचं नशीब असं नसतं.

काही बँडमध्ये यंत्राची गोळी रबराच्या खोबणीत दाबून बसवायची असते. खोबणीचे ओठ ढिले पडले की गोळी निसटते आणि रिकामा पट्टा हातात राहतो. तरी तिथे नवा पट्टा निदान विकत मिळतो. काहींना कंपनीची स्वतःची कडी असते, त्या कंपनीने ते मॉडेल बंद केलं की पट्टे मिळेनासे होतात, आणि बाजारातले नकली पट्टे नीट बसत नाहीत. सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे पट्टा यंत्राला कायमचा चिकटवलेला. घामाने आणि उन्हाने गोंद सुटतो, पडद्याच्या कडेला फुगा येतो, मग साल निघावी तसं रबर सुटत जातं. इथे घड्याळवाल्याला करण्यासारखं काही उरत नाही.

आमच्या आळीत एक मावशी आहेत. मधुमेह आहे, डॉक्टरांनी चालायला सांगितलेलं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. मावशींच्या मुलाने त्यांना बँड घेऊन दिला आणि त्या तेवढं चालू लागल्या. तपासणीला जाताना डॉक्टरांना फोनवर महिन्याच्या पावलांचा आलेख दाखवायच्या. वर्ष-सव्वा वर्षात पट्टा डबीपाशी फाटला. सेवा केंद्रात सांगितलं, पट्टा वेगळा मिळत नाही, हमीत तो बसत नाही, हवा तर नव्या बँडवर सूट देतो. मावशींनी घरी येऊन तो सुईदोऱ्याने शिवला. रबरात टाका किती दिवस धरणार? पुढे त्या बँड ब्लाउजमध्ये ठेवून चालायच्या, पण पावलं अर्धीमुर्धी लागायची आणि ठोके लागायचेच नाहीत. हळूहळू चालणंही कमी झालं. मला राग येतो तो इथे. इतक्या स्वस्त भागापायी एका बाईची जमलेली सवय मोडली, आणि हा भाग बदलता येईल असा बनवणं कंपनीला अजिबात कठीण नव्हतं.

पट्ट्याचं दुखणं तुटण्यापुरतंही नाही. 2014 मध्ये फिटबिटला आपला फोर्स हा बँड बाजारातून परत घ्यावा लागला, कारण हजारो लोकांच्या मनगटावर पुरळ उठलं होतं. चोवीस तास अंगाला लागणारी वस्तू आहे ही. आपल्याकडे घामोळ्यांच्या दिवसांत तर रोज तासभर तरी मनगट मोकळं ठेवायलाच हवं. बँड काढा, साध्या सौम्य साबणाने आणि गोड्या पाण्याने पट्टा धुवा, पिनेच्या खोबणीतलं पाणी झटका, फडक्याने टिपा आणि पंख्याखाली ठेवा. कडक उन्हात वाळवू नका. समुद्रावरून आल्यावर तर हे आधी करा, चहा मागाहून. एवढ्याने पट्टा आणि कातडी दोन्ही टिकतात.

नवा बँड घ्यायला दुकानात जाल तेव्हा विक्रेता पडदा दाखवेल, शंभर प्रकारचे व्यायाम दाखवेल. त्याला म्हणा, पट्टा काढून दाखवा. त्याला तो काढता आला नाही, तर तो बँड खाली ठेवा. पिन साध्या घड्याळाची आहे का, माप 18, 20 की 22 मिलिमीटर आहे, जादा पट्टा आत्ता या दुकानात आहे का, हे विचारा. हमीपत्रातलं पट्ट्याविषयीचं वाक्य वाचा. पुष्कळदा तो झिजणारा भाग म्हणून वगळलेला असतो.

आणि पट्टा थोड्याच महिन्यांत, नीट वापरूनही फाटला, तर गप्प बसू नका. नव्या पट्ट्याचा दोष आणि वापराची झीज यांत फरक आहे. बिल जपून ठेवा, फाटलेल्या जागेचा फोटो काढा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915, तिथे मराठीतूनही बोलता येतं. तेवढ्याने भागलं नाही तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही आणि वकीलही लागत नाही. केंद्र सरकारने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, वस्तू किती दुरुस्त करता येते याचे गुण ठरवण्याचं कामही हाती घेतलं आहे. सुरुवात स्मार्टफोन आणि टॅब्लेटपासून व्हायची आहे. माझं म्हणणं आहे की मनगटावरच्या बँडनाही त्यात लवकर जागा मिळायला हवी, आणि पट्टा वेगळा मिळत नसेल तर ते खोक्यावर ठळक छापलेलं असायला हवं.

आपल्या गावातल्या मोबाइल दुकानदारांनाही विनंती आहे. फोनची कव्हरं भिंतभर टांगता, त्यांच्या शेजारी 20 आणि 22 च्या पट्ट्यांची एक रांग लावा, सोबत चांगल्या पिनांची एक डबी ठेवा. आणि ज्या श्रोत्यांच्या खणात पट्टा तुटलेला बँड पडून आहे, त्यांनी येत्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जाताना तो पिशवीत टाकावा. पिनेचा असेल तर तासाभरात पुन्हा हातावर चढेल.

नमस्कार.