डीएनएचा निकाल खलातच लागतो

काढलेला डीएनए तपासायला जेलवर लावला आणि ठळक पट्टी यायच्या ऐवजी वरपासून खालपर्यंत नुसता धुरकट पट्टा आला, की पहिला संशय क्लोरोफॉर्मवर जातो, मग इथेनॉल जुनं झालं असेल म्हणून नवी बाटली उघडली जाते. खलाकडे सहसा कुणी बघत नाही. वनस्पतीच्या ऊतीतून डीएनए काढताना जे बिघडतं, त्यातलं बरंचसं बफर (डीएनए बाहेर काढणारं द्रावण) पडायच्या आधीच बिघडलेलं असतं आणि पुढच्या कुठल्याही पायरीला ते दुरुस्त करता येत नाही. तुकडे झालेला डीएनए कितीही शुद्ध केला तरी जोडला जात नाही. म्हणून आज मी पान कुटण्यावर जास्त बोलणार आहे. पुढच्या पायऱ्या जिथे काम अडतं तेवढ्याच सांगेन.

आधी पेशीत काय असतं ते बघू. बाहेर सेल्युलोजची भिंत. डिटर्जंटने पटल विरघळतं, ही भिंत विरघळत नाही; ती फोडावीच लागते. आत मोठी रिक्तिका, आणि तिच्यात आम्लं, फिनॉलं, टॅनिनं, शिवाय डीएनए कापणारी विकरं. फिनॉलांचं ऑक्सिडीकरण करणारं विकर मात्र हरितलवकात असतं. पेशी शाबूत असेपर्यंत या दोघांची गाठ पडत नाही. भिंत फुटली की पडते. फिनॉलांची क्विनोनं होतात आणि ती डीएनएला इतकी पक्की चिकटतात की धुऊन निघत नाहीत. शेवटी हाती येणारा तपकिरी पेलेट, म्हणजे ट्यूबच्या तळाशी बसलेला डीएनएचा गोळा, तो यामुळेच.

तेव्हा भिंती सगळ्या फुटायला हव्यात, पण आतली विकरं कामाला लागता कामा नयेत. द्रवरूप नायट्रोजनचं तापमान उणे १९६ अंश सेल्सिअस. त्यात पान काचेइतकं ठिसूळ होतं आणि विकरंही थिजतात. पुढे बफरमधलं ईडीटीए राखण करतं, कारण डीएनए कापणाऱ्या बहुतेक विकरांना मॅग्नेशियम लागतं आणि ईडीटीए ते पकडून ठेवतं. धोका आहे तो मधल्या काही सेकंदांत, जेव्हा थंडी उतरलेली असते आणि बफर अजून पोचलेलं नसतं.

पान निवडताना कोवळं घ्या. कोवळ्या पानात पेशी लहान असतात, म्हणजे तेवढ्याच वजनात केंद्रकं जास्त, आणि फिनॉलं व तंतू सहसा कमी. शक्य असेल तर झाड एक-दोन दिवस अंधारात ठेवावं. साठलेलं स्टार्च वापरलं जातं आणि पुढचा चिकटपणा कमी होतो. वजन १०० मिलिग्रॅम पुरे. त्याला ५०० ते ६०० मायक्रोलिटर बफर. डीएनए जास्त मिळावा म्हणून त्याच बफरमध्ये दुप्पट पान घालणं ही फार नेहमीची चूक आहे. बफर कमी पडतं, रसातल्या पाण्याने मीठ पातळ होतं, फिनॉलं आवरत नाहीत आणि डीएनए उलट कमी येतो. जास्त हवा असेल तर ट्यूब वाढवा, शेवटी पेलेट एकत्र करा.

आता खल. खल आणि बत्ता आदल्या रात्रीपासून उणे २० अंशांवर ठेवलेले बरे. एकदम गरम चिनी मातीच्या खलात नायट्रोजन ओतला तर खल तडकू शकतो, आणि तडकला नाही तरी निम्मा नायट्रोजन खल गार करण्यातच उडून जातो. पहिला नायट्रोजन ओतून त्याची उकळी शांत होऊ द्यायची. मग पान टाकायचं, ते पूर्ण बुडेल इतका नायट्रोजन पुन्हा ओतायचा. लगेच जोराने कुटायला गेलात तर तुकडे उडून टेबलावर पडतात. आधी बत्त्याने नुसते हलके ठोके देऊन पान मोडायचं. नायट्रोजन भरपूर असतो तोवर तुकडे त्यावर तरंगतात, बत्त्याखाली येतच नाहीत. खरं खलणं सुरू होतं ते नायट्रोजन जवळजवळ संपत आल्यावर: गोल फिरवत, दाब देत, अर्ध्या-एक मिनिटात. हवं तर आणखी थोडा ओतून पुन्हा एकदा. मऊ पानाला दोन फेऱ्या पुरतात, चिवट पानाला तीन-चार लागतात.

पूड झाली की नाही हे डोळ्यांना आणि कानांना कळतं. गोठलेलं पान गडद हिरवं दिसतं. पूड बारीक होत जाते तसा रंग फिका, पांढरट हिरवा होतो. सुरुवातीची करकर बंद होते आणि बत्ता घासल्याचा एकसारखा आवाज येतो. शेवटी ती टाल्कम पावडरीसारखी खलात सरकते. तीच पूड पुन्हा गडद दिसायला लागली, खलाच्या कडेला चिकटायला लागली, तर ती वितळली आहे. तिच्यावर परत नायट्रोजन ओतून काही साधत नाही. विकरांना जो वेळ मिळायचा तो मिळून गेलेला असतो. सरळ नवं पान घ्या.

पूड उचलायचा चमचा आणि ट्यूब दोन्ही नायट्रोजनमध्ये गार केलेली हवीत. गरम चमच्याला पूड चिकटते आणि तिथेच वितळते. ट्यूबमध्ये नायट्रोजनचा थेंब शिल्लक असेल तर झाकण लावू नका, ट्यूब फुटते. एक लिटर द्रवरूप नायट्रोजनचा सुमारे ७०० लिटर वायू होतो, त्यामुळे बंद ट्यूबमध्ये काय होईल ते वेगळं सांगायला नको. याच कारणाने हे काम छोट्या बंद खोलीत करत नाहीत. डोळ्यांवर चष्मा हवा, आणि हातमोजे सैल हवेत, पटकन काढता येतील असे.

मग बफर. ते आधीच ६५ अंशांवर तापवून ठेवलेलं असलं पाहिजे, आणि ते गोठलेल्या पुडीवरच पडलं पाहिजे. दहा नमुने कुटायचे, सगळे रॅकमध्ये लावायचे आणि शेवटी एकदम बफर घालायचं, असा क्रम लावला तर पहिली ट्यूब शेवटच्याची वाट बघत वितळलेली असते. एक तर पुड्या उणे ८० अंशांत परत ठेवा, नाही तर एक कुटा, लगेच बफर घाला आणि मगच दुसरा घ्या. बफर पडताच ट्यूब जोराने हलवायची. गुठळी राहिली तर तिच्या पोटात बफर शिरत नाही आणि ती आतल्या आत वितळते. जेलवर निम्मा डीएनए धड आणि निम्मा तुटलेला दिसला, तर बहुतेक वेळा कारण ही गुठळीच असते.

नायट्रोजन नसेल तर? सिलिका जेलमध्ये वाळवलेलं पान चांगलं काम देतं. पानाच्या वजनाच्या निदान दहापट सिलिका हवी आणि पान एका दिवसात कुरकुरीत व्हायला हवं. रेंगाळत वाळलेल्या पानात डीएनए वाळण्याआधीच तुटतो. पाणी नसलं की विकरं निष्क्रिय असतात, म्हणून कोरडं पान साध्या तापमानाला कुटता येतं. मात्र ते वजनाने फार कमी घ्यायचं, १५ ते २० मिलिग्रॅम, आणि बफर मात्र ओल्या पानाइतकंच. कोरडी पूड बफर शोषून घेते.

नमुने शेकड्यांनी असतील तर मणी घालून हलवणारं यंत्र हवंच. २ मिलिलिटरच्या ट्यूबमध्ये ३ मिलिमीटरचे एक-दोन पोलादी किंवा टंगस्टन कार्बाइडचे मणी, ३० हर्ट्झ, एक मिनिट. मग ट्यूबा बसवलेली चौकट उलटी लावून आणखी एक मिनिट, कारण यंत्राजवळचे आणि बाहेरच्या टोकाचे नमुने सारखे दळले जात नाहीत. ट्यूब पानाने गच्च भरली तर मण्याला हलायला जागा राहत नाही. नायट्रोजनमधून काढलेली ट्यूब तशीच यंत्रात लावली तर प्लास्टिक ठिसूळ असल्याने मणी बूड फोडून बाहेर येतो. उणे ८० अंशांवर गार केलेल्या चौकटीत ती मिनिटभर बसवून मग लावावी. लांब रेणू हवे असतील तर हे यंत्र मी वापरणार नाही. साध्या पीसीआरला (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती काढायला) हजार-दोन हजार बेसजोड्या सलग असल्या तरी भागतं, पण लांब वाचन करणाऱ्या अनुक्रमणाला मण्यांचा मार सोसत नाही. तिथे हाताने खलणं, रुंद तोंडाची टिप आणि व्हॉर्टेक्स (ट्यूब जोराने घुसळणारं यंत्र) पूर्ण बंद.

बफरची कृती सगळ्यांना पाठ असते, कारणं तेवढी नसतात. सीटॅब हे बफरमधलं डिटर्जंट; त्याचा वापर १९८० मध्ये मरे आणि थॉम्प्सन यांनी मांडला, आणि ताज्या पानासाठी डॉयल आणि डॉयल यांची १९८७ ची कृती आजही बहुतेक ठिकाणी चालते. १०० मिलिलिटरसाठी सीटॅब २ ग्रॅम, सोडियम क्लोराइड ८.१८ ग्रॅम म्हणजे १.४ मोलर, १ मोलर ट्रिस पीएच ८ चे १० मिलिलिटर, ०.५ मोलर ईडीटीएचे ४ मिलिलिटर, आणि पीव्हीपी १ ते २ ग्रॅम. सगळी किल्ली मिठात आहे. ०.७ मोलरच्या वर मीठ असलं की डीएनए द्रावणात राहतो. त्याखाली गेलं की सीटॅब डीएनएलाच धरून खाली बसतं. ओल्या पानातल्या जादा पाण्याचा मुद्दा मी मघाशी काढला तो यासाठी. सीटॅब थंडीत स्फटिक होऊन बसतं, म्हणून बाटली गरम करून, फेस न करता हलवून मगच वापरायची. या ट्यूबा बर्फावर ठेवायच्या नाहीत आणि सेंट्रिफ्यूजही थंड करायचा नाही. बीटा-मरकॅप्टोइथेनॉल आयत्या वेळी घालायचं, मिलिलिटरला २ मायक्रोलिटर. फिनॉल जास्त असलेल्या पानाला १० ते २०. ते ऑक्सिडीकरण रोखतं आणि पीव्हीपी फिनॉलांना धरून ठेवतं.

६५ अंशांवर ३० ते ६० मिनिटं, दर दहा मिनिटांनी उलटसुलट करत. मग फ्यूम हुडमध्ये तेवढंच क्लोरोफॉर्म आणि आयसोअमाइल अल्कोहोल, २४ ला १. पाच-दहा मिनिटं हलक्या हाताने हलवून सेंट्रिफ्यूजमध्ये १२,००० जी वर दहा मिनिटं फिरवा. ट्यूब पॉलिप्रॉपिलीनचीच हवी. पॉलिस्टायरीन क्लोरोफॉर्ममध्ये विरघळतं. पातळ नायट्राइल हातमोज्यातून क्लोरोफॉर्म काही मिनिटांत आरपार जातं, सांडलं तर मोजा लगेच बदला. डीएनए असलेला वरचा थर काढताना मधल्या पांढऱ्या पडद्याचा मोह टाळा. शेवटचे ५० मायक्रोलिटर सोडून दिले तर डीएनए थोडा कमी येतो, पण स्वच्छ येतो. वरचा थर गढूळ असेल तर क्लोरोफॉर्म पुन्हा एकदा.

४०० मायक्रोलिटर थराला २७० मायक्रोलिटर आयसोप्रोपॅनॉल. ट्यूब हळू उलटी केली की पांढरे धागे दिसतात. इथे बरेच जण ट्यूब रात्रभर उणे २० अंशांवर ठेवतात. त्याने डीएनए थोडा वाढतो, पण कर्बोदकं आणि मीठ त्याहून जास्त खाली येतं. भरपूर डीएनए असलेल्या पानाला साध्या तापमानाला दहा मिनिटं पुरतात. पेलेट पारदर्शक, जेलीसारखा आणि टिपेला चिकटणारा असेल तर ती कर्बोदकं आहेत. त्याला उपाय आयसोप्रोपॅनॉलच्या आधीचा: थराच्या निम्मं ५ मोलर सोडियम क्लोराइड घाला. एवढ्या मिठात बरीचशी कर्बोदकं अल्कोहोल पडलं तरी द्रावणातच राहतात. फारच बुळबुळीत पान असेल तर पूड आधी ०.३५ मोलर सॉर्बिटॉल असलेल्या थंड बफरने एक-दोनदा धुवा. केंद्रकं खाली बसतात, चिकट द्रव वरच्या वर ओतून द्यायचा.

७० टक्के इथेनॉलने दोनदा धुवा, मीठ आणि उरलेलं सीटॅब निघून जातं. पेलेट उघड्या हवेत दहा-पंधरा मिनिटंच वाळवायचा; पूर्ण कोरडा झाला की तासन्‌तास विरघळत नाही. ५० मायक्रोलिटर टीईमध्ये (ट्रिस आणि ईडीटीएचं पातळ द्रावण) विरघळवून आरएनेज, म्हणजे आरएनए तोडणारं विकर, घाला, मिलिलिटरला १० ते १०० मायक्रोग्रॅम, ३७ अंशांवर अर्धा तास.

मोजणीत सगळ्यात जास्त फसवणूक होते. २६० नॅनोमीटरवर १ शोषण म्हणजे मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम डीएनए, पण आरएनएही तिथेच शोषतो. स्पेक्ट्रोफोटोमीटरने मायक्रोलिटरला ८०० नॅनोग्रॅम सांगावं आणि जेलवर फिकट पट्टी निघावी, असं होतं ते यामुळे. २६०/२८० चं गुणोत्तर १.८ च्या आसपास असलं म्हणून निश्चिंत होऊ नका. कर्बोदकं आणि फिनॉलं २६०/२३० मध्ये दिसतात, ते २ च्या जवळ हवं. प्रमाण फ्लोरोमीटरने मोजा आणि धडपणा ०.८ टक्के अ‍ॅगरोज जेलवर, शेजारी तुलनेसाठी ४८.५ हजार बेसजोड्यांचा लॅम्डा विषाणूचा डीएनए लावून. किती मिळायला हवा हेही वनस्पतीवर ठरतं. गव्हाचा जीनोम सुमारे १६ ते १७ अब्ज बेसजोड्यांचा, अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या रोपाचा साडेतेरा कोटींच्या आसपास. एकाच वजनाच्या पानातून दोघांचं उत्पन्न सारखं येण्याची अपेक्षा धरू नये.

जेल उत्तम आणि पीसीआर येत नाही, अशी तक्रार घेऊन आलात तर मी पहिलं सांगेन की डीएनए दहापट आणि पन्नासपट पातळ करून लावा. पातळ केल्यावर पट्टी आली तर नमुन्यात पीसीआर रोखणारा पदार्थ, म्हणजे अवरोधक आहे, डीएनएचा दोष नाही. तरीही आली नाही तर त्याच दिवशी लावलेली रिकामी ट्यूब बघा, जिच्यात पान सोडून बाकी सगळं पडलेलं असतं. तिच्यात पट्टी आली तर खल नीट धुतलेला नाही. पाण्याने धुऊन ऑटोक्लेव्ह केल्याने सगळा डीएनए जात नाही. खल पातळ ब्लीचमध्ये भिजवावा, भरपूर पाण्याने धुवावा, मग वाळवावा. ते ब्लीच आम्लाच्या किंवा ग्वानिडीन असलेल्या किटच्या बफरच्या टाकाऊ बाटलीत ओतू नका, विषारी वायू सुटतो.