चरे पडलेल्या डीव्हीडीतली कानबाईची गाणी

श्रावण लागला की खान्देशात कानबाई या देवीच्या उत्सवाचे वेध लागतात. नागपंचमीनंतरच्या रविवारी स्थापना, रोटांचा नैवेद्य, रात्री बायकांची अहिराणी गाणी आणि सोमवारी विसर्जन. ही गाणी आज्यांना तोंडपाठ असत. 2000 नंतर लग्नाचं शूटिंग करणाऱ्या पोरांनी काही घरांतला हा सोहळाही टिपला आणि डीव्हीडीवर उतरवून दिला. मूळ कॅसेटवर पुढे दुसरं शूटिंग झालं. उरली ती डीव्हीडी.

(दृश्य: अमळनेर, फोटो स्टुडिओ)

एक ताई रुमालात गुंडाळलेली डीव्हीडी काउंटरवर ठेवतात. "भाऊ, यामा मनी मायना आवाज शे." (यात माझ्या आईचा आवाज आहे.)

डीव्हीडी उजेडात तिरपी धरली की खालच्या बाजूचे चरे दिसतात. वर्षानुवर्षं ती पत्र्याच्या खोलीत, टीव्हीमागे, कव्हराविना पडून होती. मे महिन्यात इथे पारा 45 अंशांच्या वर जातो. स्टुडिओत लिहिलेल्या डीव्हीडीत माहिती असते ती रंगद्रव्याच्या पातळ थरात, आणि ऊन-उष्णतेनं तो थर खराब होतो. चऱ्यांचं मात्र तेवढं भय नाही. हा थर 0.6 मिलिमीटरच्या दोन प्लास्टिक चकत्यांच्या मध्ये सुरक्षित असतो. चरा बहुधा वरवरच्या प्लास्टिकवरच असतो. सीडीचं उलट आहे. तिचा चकाकणारा थर लेबलच्या लगेच खाली असतो. तिथे टोकदार पेन रुतलं आणि थर निघाला, तर तेवढी माहिती कायमची गेली. म्हणून सीडी पालथी ठेवली की ती सांभाळली जाते, हा समज चुकीचा आहे.

(दृश्य: जवळून, हात आणि मऊ सुती कापड)

कापड मधून कडेकडे, सरळ रेषेत फिरतंय. गोल फिरवायचं नाही. माहिती आतून बाहेर जाणाऱ्या एकाच वळणदार रेघेत लिहिलेली असते. आडवा चरा प्रत्येक वळणाचा थोडासाच भाग झाकतो, आणि तेवढी तूट भरून काढण्याची सोय डीव्हीडीत मुळातच असते. रेघेच्या दिशेनं गेलेला चरा मात्र सलग माहिती खातो. टूथपेस्ट घासायचा सल्ला जो तो देतो. कृपा करून आधी घासू नका. आधी निघेल तेवढी नक्कल काढून घ्या.

नक्कल काढायची तीही फाइल ओढून नाही. डीव्हीडीवरचा व्हिडिओ साधारण 1 जीबीच्या तुकड्यांत असतो. त्यात 2048 बाइटांचा एक कप्पा वाचता आला नाही, तरी कॉम्प्युटर अख्खी फाइल सोडून देतो. इथे डीडीरेस्क्यू कामाला येतं. हा मोफत प्रोग्राम आधी चांगला भाग भराभर उचलतो, अडलेली जागा टाकून पुढे जातो आणि मग मागे येऊन तिथे पुन्हा पुन्हा वाचून बघतो. काय मिळालं, काय राहिलं, याची नोंद तो एका मॅप फाइलमध्ये ठेवतो. त्यामुळे तीच डीव्हीडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून राहिलेलं काम तिथून पुढे चालू करता येतं. ड्राइव्ह बदलणं ही पळवाट नव्हे. प्रत्येक ड्राइव्हची नजर वेगळी असते. एकाला जिथे काहीच दिसत नाही, तिथलं दुसरा वाचतो.

(दृश्य: स्क्रीन)

चित्र आलं. मखर, कानबाई, ओळीनं बसलेल्या बायका. मध्येच चौकोन पसरतात, आवाज तुटतो, आणि क्षणभरात पुढचं पूर्ण चित्र आलं की सगळं सावरतं. ताई पडद्यावर बोट ठेवतात. "हाई मनी माय."

गाण्यात एक खंड अजून आहे. तिथले कप्पे कुठल्याच ड्राइव्हला वाचता आले नाहीत. डीव्हीडीची निघालेली नक्कल दोन हार्ड डिस्कवर ठेवली आहे, सोबत ती मॅप फाइलही. डीव्हीडी कव्हरात घालून थंड जागी उभी ठेवायला सांगितली आहे. वेगळ्या बनावटीचा ड्राइव्ह मिळाला, की फक्त त्या राहिलेल्या कप्प्यांवर पुन्हा प्रयत्न होईल.