जाहिरात विभागातला बातमीदार

११ ऑगस्ट १९६५ची संध्याकाळ. लॉस एंजेलिसमध्ये महामार्ग पोलिसांनी एका कृष्णवर्णीय तरुणाची मोटार अडवली. दारू पिऊन गाडी चालवतोय, असा संशय. त्याची आई धावत आली, बाचाबाची झाली, लाठी चालली. बघ्यांची गर्दी भडकली आणि रात्री वॉट्स वस्तीत दगडफेक सुरू झाली.

राग काही त्या एका संध्याकाळचा नव्हता. घर विकताना किंवा भाड्याने देताना भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी आदल्याच वर्षी मतपेटीतून मोडीत काढला होता. काळ्या माणसाला घर द्यायचं की नाही, हे पुन्हा घरमालकाच्या मर्जीवर आलं.

‘लॉस एंजेलिस टाइम्स’च्या गोऱ्या वार्ताहरांना वॉट्समध्ये शिरणं जिवावरचं झालं. आणि संपादकीय विभागात कृष्णवर्णीय वार्ताहर किती? एकही नाही. एवढं मोठं शहर, त्यातलं एवढं मोठं वर्तमानपत्र, आणि एकही नाही!

रॉबर्ट रिचर्डसन तिथेच नोकरीला होता, पण जाहिरात विभागात. वय २४. तो वॉट्समध्ये गेला. डोळ्यांनी पाहायचं, रस्त्यावरचा सार्वजनिक फोन गाठायचा आणि कचेरीला सांगायचं. पलीकडे बसलेला माणूस ते उतरवून घ्यायचा. रिचर्डसनचा रंग उजळ, म्हणून दगड आणि बाटल्या त्याच्याही दिशेने येत. जवळचं कुणी ‘हा आपलाच आहे’ असं ओरडलं, की उगारलेले हात खाली यायचे. ‘बर्न, बेबी, बर्न’ ही एका रेडिओ निवेदकाची आरोळी. एखादं गाणं रंगलं की तो ती ठोकायचा. तीच आता जळत्या दुकानांसमोर घुमतेय, हे रिचर्डसनने वाचकांपर्यंत पोहोचवलं. वस्तीत उभं राहून ऐकल्याशिवाय हे कळलं नसतं.

सहा दिवसांत ३४ माणसं गेली. हजारावर जखमी, जवळपास ४ हजार अटकेत.

पुढे, १९६८मध्ये, शहरी दंगलींची चौकशी करणाऱ्या कर्नर आयोगाने देशभरच्या संपादकीय खोल्यांकडेही बोट दाखवलं. तिथे काम करणाऱ्यांत कृष्णवर्णीय ५ टक्क्यांहूनही कमी होते.

रिचर्डसनला प्रशिक्षणार्थी वार्ताहर म्हणून घेतलं गेलं, पण तो तिथे फार काळ टिकला नाही. वॉट्सच्या वार्तांकनासाठी १९६६चा पुलित्झर पुरस्कार मिळाला. त्यावर नाव आहे, ‘लॉस एंजेलिस टाइम्स’चा कर्मचारीवर्ग.