तोंडाशी जळलेला वेढा

(दृश्य: लातूर एमआयडीसी. रिवायंडिंगचं दुकान. बाकावर उघडी मोटर.)

डाळ मिलमधून ही मोटर वर्षात दुसऱ्यांदा आली आहे. मिलवाल्याची तक्रार तीच. लोड जास्त नव्हता, बेअरिंग ठीक होतं, मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हने ओव्हरलोड दाखवला नव्हता. तरी गेली.

दुकान चालवणारे मामा टॉर्च धरतात. "आत बघा, तांबं कोरं आहे. जळालं कुठं, तर तोंडाशी."

लीड, म्हणजे बाहेरून येणारी तार, कॉइलमध्ये शिरते तिथले पहिले दोन-चार वेढे. मोहरीएवढा काळा ठिपका, शेजारी वितळलेल्या तांब्याचा मणी. ओव्हरलोडने गेलेली मोटर अशी दिसत नाही; तिचं सगळं वायंडिंग काळवंडतं.

(दृश्य: मिलचं पॅनेल, भिंतीवरून गेलेली केबल.)

पूर्वी इथे साधा स्टार्टर होता. ५० हर्ट्झची वीज सावकाश चढते, सावकाश उतरते. आता व्हीएफडी, म्हणजे तो ड्राइव्ह, आहे. तो सुमारे ५८५ व्होल्टची डीसी सेकंदाला हजारो वेळा तोडून मोटरला देतो. प्रत्येक ठोका ०.१ मायक्रोसेकंदात उभा चढतो. केबल आहे ४० मीटर. ती पार करायला त्याला पाव मायक्रोसेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो, म्हणजे मोटरशी पोचतो तो पूर्ण चढलेला. कालव्यातली लाट बंद गेटवर आदळून फुगते, तसं इथे होतं. मोटरच्या टर्मिनलवर व्होल्टेज जवळपास दुप्पट, साडेअकराशेच्या घरात. शेतातल्या सौर पंपाचा कंट्रोलरही असाच वीज तोडतो, आणि बोअरमध्ये केबल तर दीड-दोनशे मीटर उतरलेली असते. तिथेही ठोक्याची धार बोथट करणारा फिल्टर आहे की नाही, हे आधी बघावं.

(दृश्य: कागदावर मामांच्या मुलाने काढलेली शिडी.)

मामांचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. पुस्तकातल्या आकृतीत मोटरचं वायंडिंग म्हणजे एक रेझिस्टन्स, एक इंडक्टन्स. ५० हर्ट्झला तेवढं पुरतं. या ठोक्याला पुरत नाही. दोन शेजारी वेढे, मध्ये इनॅमलचा, तारेवरच्या इन्सुलेशनचा, पातळ थर: झाला कपॅसिटर. वेढा आणि तो बसतो त्या खाचेचं, स्लॉटचं, लोखंड: दुसरा कपॅसिटर. वेढ्यामागून वेढा असं काढत गेलं की कागदावरची शिडी होते. इंडक्टन्स ठोक्याला अडवतो, मग ठोका या कपॅसिटरांतून उड्या मारत जातो आणि प्रत्येक पायरीला थोडा चार्ज लोखंडाकडे निसटतो. कालव्याच्या हेडला सगळं पाणी, टेलला ठणठणाट, हे मराठवाड्याला वेगळं सांगायला नको. पहिल्या क्षणी व्होल्टेजचा मोठा उतार पहिल्याच वेढ्यांवर पडतो. कार्ल विली वाग्नर या जर्मन अभियंत्याने कॉइलमध्ये शिरणाऱ्या लाटेचं हे गणित १९१५ मध्येच मांडलं होतं.

खरी अडचण पुढे आहे. शिडीत आकडे कुठले भरायचे? इम्पिडन्स अ‍ॅनालायझर लावून फ्रिक्वेन्सी वाढवत नेली की इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा एकूण अडथळा, आधी चढतो, एका फ्रिक्वेन्सीला शिखर गाठतो, मग उतरू लागतो; वायंडिंग तिथून पुढे कपॅसिटरसारखं वागतं. त्यावरून एकूण आकडे मिळतात. पण वेढ्यावेढ्याचं काय? लहान मोटरमध्ये तार हाताने भरतात. स्लॉटमध्ये पहिल्या वेढ्याला शेवटचा वेढा टेकलाय का, हे बाहेरून कळत नाही; टेकला असेल तर सगळ्या कॉइलचं व्होल्टेज तेवढ्या इनॅमलवर येतं. म्हणून तार कशीकशी बसू शकते, अशा अनेक मांडण्या धरून गणित करावं लागतं.

मामा तसं गणित करत नाहीत. पण तोंडाच्या वेढ्यांवर इन्सुलेशनची स्लीव्ह चढवताना ते आता मुलाला विचारतात, "शेवटचा वेढा कोणत्या बाजूला येतो रे?"

(दृश्य: मिल. केबलवर टेप धरलेला. केबल आखूड व्हावी म्हणून पॅनेल मोटरजवळ हलवायचं आहे, भिंतीवर खडूची खूण.)