टर्बो गाडीत इंजिनात जाणारी हवा थंड ठेवताना

टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जाणारी हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते. किती तापते, ते आधी आकड्यांत पाहू. बाहेर ३० अंश सेल्सिअस आहे आणि बूस्ट, म्हणजे वातावरणापेक्षा जादाचा दाब, १ बार आहे, म्हणजे निरपेक्ष दाब जवळपास दुप्पट. टर्बोतल्या हवा दाबणाऱ्या भागाची, म्हणजे कॉम्प्रेसरची, कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर त्यातून बाहेर पडणारी हवा साधारण १२५ अंशांची असते. झालेल्या वाढीपैकी ७० टक्के इंटरकूलरने (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीने) काढून टाकली, तरी थ्रॉटलपाशी, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेपाशी, ५८ अंश उरतात. इथून पुढे दर १० अंशांमागे हवेची घनता सुमारे ३ टक्क्यांनी घटते. खरा फटका मात्र वेगळाच असतो. गरम हवेने नॉकिंगचा, म्हणजे इंधन सिलिंडरमध्ये आपोआप भडकण्याचा, धोका वाढतो, म्हणून ईसीयू (इंजिनाचा संगणक) इग्निशन टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो, आणि काही गाड्यांत बूस्टही उतरवतो. ॲक्सिलरेटर तळाला टेकलेला असतानाही गाडी जड वाटू लागते, ती बऱ्याचदा यामुळे.

अशा वेळी पहिला विचार मोठ्या इंटरकूलरचा होतो. माझ्या मते तो सगळ्यात शेवटी करावा.

सुरुवात फिल्टरपासून करा. कंपनीचा बंद एअरबॉक्स काढून उघडा कोन फिल्टर बसवला, की तो बॉनेटखालची हवा ओढतो. टर्बोत जाणारी हवा ३० ऐवजी ५० अंशांची झाली, तर बाहेर पडणारी १२५ ऐवजी १५१ अंशांवर जाते. आत जाताना २० अंशांचा फरक होता, तो बाहेर येताना २६ झाला, कारण तापमानवाढ मूळ निरपेक्ष तापमानाच्या पटीत होते. इंटरकूलर यातलं बरंचसं सावरून घेतो, पण थ्रॉटलपाशी ८ अंश जादाचे राहतातच. कोन फिल्टर ठेवायचाच असेल, तर त्याला चहूबाजूंनी बंद पेटी करा, पेटीच्या कडेला रबरी पट्टी लावा, म्हणजे बॉनेट मिटल्यावर ती घट्ट बसेल. हवेची नळी रेडिएटरच्या पुढून, थेट ग्रिलमागून आणा. तिचं तोंड कॉम्प्रेसरच्या तोंडापेक्षा लहान नको. तिथे अडथळा आला, की तेवढाच बूस्ट देण्यासाठी टर्बोला हवा जास्त पटीने दाबावी लागते, म्हणजे पुन्हा उष्णता.

गळतीचंही तसंच. होजच्या क्लॅम्पमधून हवा निसटत असेल, तर टर्बो ती भरून काढायला जास्त वेगाने फिरतो आणि गेजवर मात्र बूस्ट बरोबर दिसतो. गळती शोधायला इंजिन बंद आणि थंड असताना टर्बोच्या तोंडावर व्हॉल्व्ह असलेली टोपी क्लॅम्पने पक्की बसवा, रेग्युलेटर लावून तिच्यातून हवा भरत दाब हळूहळू वाढवा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी टाका. गाडीच्या नेहमीच्या बूस्टच्या वर जाऊ नका. टोपी सुटली तर ती जोरात उडते, म्हणून तिच्या समोर उभं राहू नका.

आता इंटरकूलर. ३०० हॉर्सपॉवर देणारं इंजिन पूर्ण जोरात मिनिटाला साधारण १३ ते १४ किलो हवा घेतं. ती १२५ वरून ५८ अंशांवर आणायची, तर इंटरकूलरला सुमारे १५ किलोवॅट उष्णता बाहेर टाकावी लागते. समजा, कोअर, म्हणजे इंटरकूलरची मधली जाळी, ८ किलो ॲल्युमिनियमचा आहे. तो ३० अंशांनी तापेपर्यंत साधारण २१५ किलोज्यूल साठवतो, म्हणजे जेमतेम १४ सेकंदांची उष्णता. म्हणून जाड, वजनदार बार-अँड-प्लेट (पट्ट्या आणि पत्रे जोडून केलेला) कोअर एका छोट्या पुलमध्ये, म्हणजे पूर्ण ॲक्सिलरेटरच्या एका धावेत, अप्रतिम आकडे दाखवतो. ट्रॅकवर दुसऱ्या-तिसऱ्या लॅपपासून हा साठा भरलेला असतो, आणि मग कोअरमधून बाहेरची हवा किती वाहते एवढंच महत्त्वाचं ठरतं. तापलेला जड कोअर निवायलाही जास्त वेळ घेतो.

हवा कोअरमधून जाण्यापेक्षा बाजूने सोप्या वाटेने निसटते. बंपर आणि कोअर यांच्यात बोटभर फट असली, तरी वारा तिथून पळतो. चारही बाजू ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याने आणि क्लोज्ड-सेल फोमने बंद करा, डक्ट तोंडापासून कोअरकडे हळूहळू रुंद होऊ द्या, वाकलेल्या फिन्स कंगव्याने सरळ करा. मागून हवा बाहेर पडायला जागा आहे का, हेही पाहा. मागे दाब तुंबला तर पुढचं डक्ट निकामी. पुढे बसवलेल्या (फ्रंट-माउंट) इंटरकूलरची गरम हवा रेडिएटरवर जाते, म्हणून कोअर जाड केल्यावर कूलंटच्या तापमानावर लक्ष ठेवा. इंजिनावर बसवलेला (टॉप-माउंट) असेल, तर गाडी उभी असताना खालच्या टर्बोची उष्णता थेट त्याच्यात चढते. तिथे कोअर आणि टर्बोच्या मध्ये हीट शील्ड हवंच.

टर्बो ब्लँकेट, म्हणजे उष्णता रोखणारं आवरण, फक्त टर्बाइन हाउसिंगवर (टर्बोच्या एक्झॉस्टकडच्या भागावर) घाला. मधला बेअरिंगचा भाग उघडा ठेवा, नाहीतर तिथलं ऑइल जळून घट्ट होतं. एक्झॉस्ट रॅप, म्हणजे उष्णतारोधक पट्टी, टर्बोनंतरच्या एक्झॉस्ट नळीवर (डाउनपाइपवर) ठीक आहे. साध्या स्टीलवर तो ओल धरून गंज चढवतो आणि ऑइलने भिजला तर पेटतो. सोनेरी परावर्तक टेप उष्ण भागावर नाही, तर इनटेकच्या नळ्यांवर लावायची असते. थ्रॉटल बॉडीतून फिरणारा कूलंट बायपास करण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. पूर्ण थ्रॉटलला हवा तिथून इतक्या वेगाने जाते, की तापायला तिला वेळच मिळत नाही.

वॉटर-मेथेनॉल इंजेक्शन, म्हणजे आत जाणाऱ्या हवेत पाणी-मेथेनॉलचा फवारा, परिणामकारक आहे. पाण्याची बाष्पीभवनाची उष्णता किलोमागे सुमारे २२५० किलोज्यूल आहे, मेथेनॉलची साधारण ११००. पण त्यावर विसंबून टायमिंग पुढे घेतलं आणि नोझल तुंबला, तर पिस्टन जातो. त्यामुळे फ्लो सेन्सर बसवा आणि प्रवाह तुटताच बूस्ट खाली येईल अशी जोडणी करा. मेथेनॉल विषारी आहे आणि त्याची ज्वाळा उजेडात दिसत नाही.

प्रत्येक बदलाच्या आधी आणि नंतर मोजा. फिल्टरपाशी तापमान मोजणारा एक प्रोब, इंटरकूलरनंतर दुसरा, आणि बाहेरचं तापमान. मोकळ्या ट्रॅकवर एकाच गिअरमध्ये, एकाच आरपीएमपासून लागोपाठ तीन पुल घ्या आणि तिसऱ्याचा आकडा पाहा. धातूच्या मॅनिफोल्डमध्ये बसवलेला सेन्सर स्वतःच तापून हवेपेक्षा जास्त दाखवतो. सिग्नलवरून निघाल्यावर तो ७० दाखवत असेल, तर घाबरू नका. गाडी वेगात आल्यावर वीसेक सेकंदांत तो किती खाली येतो ते लिहून ठेवा. तो खालीच येत नसेल, तर कोअरपर्यंत वारा पोचत नाही, आणि पुन्हा फटी शोधायला हव्यात.