गोळीला जागा द्या: अलीशानचा ऊलाँग

तैवान, अलीशानचे डोंगर. दंव आत्ता कुठं वाळलंय आणि ऊलाँगची, म्हणजे अर्धवट आंबवलेल्या चहाची, खुडणी सुरू झालीय. बोटाकडं बघा: चिकटपट्टीनं ब्लेडचा तुकडा बांधलाय. एक शेंडा, त्याखालची दोन-तीन पानं, देठासकट. यंत्रानं पान मधेच चिरलं जातं आणि चिरल्या कडेला वेळेआधीच लाल पडतं.

1000 मीटरच्या वरचा, तरच तो ‘काओशान’, म्हणजे उंच डोंगरावरचा चहा. इथल्या थंडीनं, धुक्यानं पान सावकाश वाढतं, जाड होतं. तुरटपणा कमी, गोडवा जास्त.

थोडा वेळ उन्हात, मग घरात बांबूच्या सुपांत. थांबून थांबून हलकेच उलथायचं, रात्र होईपर्यंत. पानाच्या कडा खरचटतात आणि तिथूनच फुलाचा वास धरतो. इथं घाई झाली की कच्च्या गवताची चव राहते. ती पुढं कशानंच जात नाही. मग तापलेल्या पिंपात परतणं, कापडात आवळून पुन्हा पुन्हा मळणं, वाळवणं. तेव्हा कुठं ही गोळी.

आता चहादाणी. 110 मिलिलिटर पाण्याला 6 ग्रॅम गोळ्या. तळ जेमतेम झाकलाय, तरी वाढवू नका. पान फुगून भांडं भरतं. जागा नसली की मधल्या गोळ्या मिटलेल्याच राहतात. पाणी खळखळ उकळलेलं हवं. हिरव्या चहासारखं 80 अंशांवर ओतलं की गोळी नीट उघडत नाही आणि फुकट चहाला नावं ठेवली जातात. पहिली खेप 50 सेकंद. दुसरीला 35 पुरतात, पान उघडलेलं असतं. पुढं दर खेपेला दहा-पंधरा वाढवा. प्रत्येक वेळी शेवटच्या थेंबापर्यंत ओतून घ्या, उरलेलं पाणी पुढची खेप कडू करतं.

हा उंच, अरुंद पेला फक्त वासाचा. चहा आधी यात ओता, मग वाटीत उपडा करा, रिकामा पेला नाकाशी धरा. गरम असताना फूल, निवताना साखरेचा पाक. घोट हवेसकट सुर्रकन ओढा. गिळल्यावर घशात गोडवा परत येतो, त्याला तिथं ‘हुएकान’ म्हणतात.

चहाचे परीक्षक मात्र 3 ग्रॅमला 150 मिलिलिटर उकळतं पाणी घालून सहा मिनिटं ठेवतात. त्यात दोष लपत नाही.

अशा मळ्यांसाठी उतारांवरचं जंगल गेलंय. तैवानच्याच दायूलिंग या उंच डोंगराळ भागात सरकारी वनजमिनीवरचे काही मळे काढून पुन्हा झाडं लावली आहेत.

झाकणावर हे उलगडलेलं पान. देठ शाबूत, मधे हिरवं, कडेला तांबूस रेघ.