कलदार ते कणीस

(धडगावचा आठवडी बाजार)

सातपुड्यातल्या या बाजारात पावरा आदिवासी आजीबाईंच्या गळ्यात दिसणारी माळ नाण्यांची आहे. प्रत्येक नाण्याला कडी डागून ते ओवलेले आहे आणि झिजलेल्या मुखवट्यांतून कुठे व्हिक्टोरिया राणी, तर कुठे पाचवे जॉर्ज अजून ओळखू येतात. या कलदार, म्हणजे इंग्रजी अंमलात यंत्रावर पाडलेल्या चांदीच्या, रुपयाचे वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम असल्यामुळे पूर्वी सराफाच्या पारड्यात वजन म्हणूनही रुपयाच पडत असे.

ज्याचे राज्य त्याचे तोंड नाण्यावर, ही रीत मात्र इंग्रजांनी आणलेली नव्हे. सहाव्या शतकात उत्तर महाराष्ट्रावर सत्ता गाजवणाऱ्या कलचुरी कृष्णराजाच्या चांदीच्या नाण्यांवर एका अंगाला राजाचा मुखवटा आहे आणि दुसऱ्या अंगाला बसलेला नंदी आहे. राजा स्वतःला परममाहेश्वर, म्हणजे शंकराचा परमभक्त, म्हणवीत असे. तेव्हा हा बैल शंकराचा होता, शेतकऱ्याचा नव्हता.

(बैलपोळा, गिरणाकाठ)

शिंगांना बेगड आणि पाठीवर झूल घेऊन वेशीकडे निघालेली ही जोडी पाहताना १९५० सालची नाणी हातात घ्यावीत. स्वातंत्र्यानंतरही सुमारे तीन वर्षे आपले व्यवहार राजाछाप नाण्यांवरच चालले होते. प्रजासत्ताकाची पहिली नाणी आली तेव्हा राजाच्या जागी सारनाथच्या अशोकस्तंभावरील सिंह आले आणि रुपयावरील वाघाच्या जागी धान्याची दोन कणसे आली. दोन आणे, एक आणा आणि अर्धा आणा या बाजारहाटाच्या नाण्यांवर वशिंडाचा बैल उमटला, तर पैशावर घोडा. सामान्य माणसाच्या हातात सर्वाधिक फिरणाऱ्या नाण्यांसाठी बैल निवडला गेला, याइतकी बोलकी निवड आपल्या नाण्यांच्या इतिहासात क्वचितच झाली असेल.

हा बैल आणि हा घोडा दोघेही सारनाथचेच आहेत. १९०४-०५ च्या उत्खननात सापडलेल्या त्या स्तंभशीर्षात सिंहांच्या पायांखाली गोल पट्टी असून तिच्यावर सिंह, हत्ती, बैल आणि घोडा असे चार प्राणी आणि त्यांच्यामध्ये चोवीस आऱ्यांची चार चक्रे कोरलेली आहेत. २६ जानेवारी १९५० रोजी स्वीकारलेल्या राजमुद्रेत समोरून तीनच सिंह दिसतात, मध्ये चक्र, उजवीकडे बैल आणि डावीकडे घोडा दिसतो. हत्ती पाठीमागे राहतो.

(पितळखोरे)

हत्तीच पाहायचा असेल, तर चाळीसगावच्या दक्षिणेला सातमाळा डोंगरातील या लेण्यांच्या जोत्यावर तो रांगेने उभा आहे. सातवाहनांनीही आपल्या नाण्यांवर हत्ती आणला होता. येथेच सापडलेल्या यक्षमूर्तीच्या हातावर ती घडवणाऱ्या कान्हदास नावाच्या सोनाराचे नाव कोरलेले आहे. जळगावच्या सराफ बाजाराला आपला पूर्वज सांगायचा झाल्यास तो याहून जुना मिळणार नाही.

असे जुने चिन्ह नव्या नाण्यावर आणणारे आपण एकटे नाही. ग्रीसच्या एक युरोच्या नाण्यावर अथेन्सच्या सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या नाण्यावरचे घुबड जसेच्या तसे आहे. आपल्याकडे ते अंगणात बोलले तरी माणसे दचकतात, ग्रीकांना मात्र ते विद्येच्या देवतेचे प्रतीक वाटते. म्हणजेच चिन्हाला अर्थ देतो तो समाज.

(जळगाव, सराफ बाजार)

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धत आली, आणे गेले आणि आण्यांबरोबर बैलही गेला. कणसे टिकली, १९७३ साली ‘अधिक अन्न उगाओ’ असा मजकूरही नाण्यावर आला, आणि २०१९ साली जाहीर झालेल्या वीस रुपयांच्या बारा बाजूंच्या नाण्यावर शेतीचे महत्त्व दाखवण्यासाठी पुन्हा धान्यच घेतले गेले. दरम्यान, चार आणे आणि त्याखालील नाणी ३० जून २०११ पासून बंद झाली आणि गळ्यांतल्या माळा मोडीसाठी सराफाकडे येत राहिल्या.

बैल राजमुद्रेत मात्र अजून आहे. तुमच्या खिशातल्या रुपयावर सिंहांच्या पायाशी, चक्राच्या उजव्या बाजूला, भिंगातून तो दिसेल.